पुलावरून पाणी असतां

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा उघडून पाहिला असतां प्रथम नजरेंत भरतात त्या दोन मोठ्या नद्या. पूर्वेच्या अंगानें वर्धा वाहते, दक्षिणेच्या अंगानें पैनगंगा. आणि वणी तालुक्याच्या टोकाला जुगादजवळ या दोघींची भेट होते. दोहोंच्या मध्यें काळ्या पाषाणाचा उंचसखल मुलूख पसरलेला आहे. त्याच्या अंगावरून बेंबळा आणि निर्गुडा या वर्धेकडे, तर पूस, अरुणावती, अडाण, वाघाडी आणि खुनी या पैनगंगेकडे उतरतात. इतकीं नांवें शाळेंतल्या मुलांनाहि पाठ असतात. परंतु पावसाळ्यांत घराबाहेर पडणाऱ्या प्रवाशाच्या जीविताशीं ज्यांचा संबंध अधिक जवळचा आहे, ते पाण्याचे मार्ग या यादींत येत नाहींत. ते म्हणजे गांवोगांवचे नाले. उन्हाळ्यांत त्यांच्या कोरड्या पात्रांतून बैलबंडी जाते, गुरें बसतात, पोरें खेळतात. मोटारींतून जाणाऱ्यास तर नाला लागला हें कळतसुद्धां नाहीं; रस्ता किंचित् खालीं उतरला आणि पुन्हां वर चढला, एवढेंच त्याला जाणवतें.

ता. २८ सप्टेंबर २०२१ रोजीं सकाळीं उमरखेडजवळ जें घडलें, तें त्या भागांतील लोकांच्या स्मरणांतून अद्याप गेलेलें नाहीं. दोन दिवसांपूर्वीं, म्हणजे २६ तारखेस, ‘गुलाब’ नांवाचें चक्रीवादळ आंध्र व ओडिशा यांच्या किनाऱ्यावर येऊन थडकलें होतें. जमिनीवर आल्यावर त्याचा वारा मंदावला, परंतु त्याच्या पोटांतील पाणी सरलें नव्हतें. तेलंगण ओलांडून तें पश्चिमेकडे सरकलें, आणि मराठवाडा व विदर्भ यांवर त्यानें मुसळधार पाऊस ओतला. त्या पावसांत नांदेडहून नागपूरकडे निघालेली राज्य परिवहन महामंडळाची बस उमरखेडनजीक दहागांव येथील नाल्याच्या पुलावर आली. पुलावरून पाणी वाहत होतें. बस पाण्यांत शिरली, प्रवाहानें तिला पुलावरून लोटलें आणि ती नाल्यांत कलंडली. कांहींना वांचवितां आलें. कांहींना आलें नाहीं. गाडी मोठी होती, रस्ता वहिवाटीचा होता, दिवस उजाडलेला होता, आणि गांव जवळ होतें.

त्या अपघाताचा दोष कोणाच्या माथीं मारावा, हा प्रस्तुत भाषणाचा विषय नव्हे. विचार करण्याजोगे प्रश्न दोन आहेत. एवढी जड गाडी एका नाल्याच्या पाण्यानें कशी उचलली जाते, हा पहिला. आणि अशा पाण्यासमोर उभ्या राहिलेल्या शहाण्यासुरत्या माणसालाहि तें ओलांडण्याजोगें कां वाटतें, हा दुसरा.

प्रथम नाल्याचा विचार करणें इष्ट होईल. जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी सुमारें ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आंकडा कोंकणच्या मानानें लहान आहे, आणि म्हणूनच फसवा आहे. कारण हा पाऊस चार महिन्यांवर सारखा वांटलेला नसतो. त्यांतील मोठा भाग थोड्या दिवसांत, आणि त्या दिवसांतीलहि थोड्या तासांत कोसळतो. हवामान खात्याच्या परिभाषेंत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला कीं तो मुसळधार, आणि ११५.६ च्या वर गेला कीं अति मुसळधार समजला जातो. आतां एक चौरस किलोमीटर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एकंदर पाणी होतें एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटि लिटर. एखाद्या सामान्य नाल्याचें पाणलोट क्षेत्र वीस चौरस किलोमीटर धरिलें, आणि त्यावर पडलेल्या पाण्यांतील निम्मेंच तीन तासांत वाहून आलें असें मानलें, तरी पुलापाशीं दर सेकंदाला नव्वद टनांहून अधिक पाणी येतें. ज्या ठेंगण्या पुलाला, ज्याला विदर्भांत रपटा म्हणतात, खालून दोन-चार नळ घातलेले असतात, त्याच्या पोटांत एवढें पाणी मावणें शक्य नाहीं. जें मावत नाहीं तें वरून जातें.

या गणितांत निम्में पाणी जमिनींत मुरेल असें गृहीत धरिलें आहे; परंतु तें नेहमींच मुरतें असें नाहीं. कपाशीची काळी जमीन उन्हाळ्यांत तडकते. तिला हातहातभर खोल भेगा पडतात. मृगाचा पाऊस या भेगांतून खोल उतरतो आणि नाला कोरडाच राहतो. पुढें माती फुगते, भेगा मिटतात, आणि तीच जमीन पाण्यास जणूं दार लावून घेते. डोंगरउतारावर तर मातीचा थर पातळ आणि त्याखालीं कठीण पाषाण. तेथें पाणी मुरावयास जागाच थोडी. तात्पर्य, जो पाऊस जूनमध्यें नाल्याला घोटाभर पाणी आणतो, तोच पाऊस सप्टेंबरच्या अखेरीस पुलावरून कमरेइतकें पाणी नेऊं शकतो. पावसाचा आंकडा तोच. परंतु आधींच्या तीन महिन्यांचा हिशेब जमिनीच्या पोटांत सांठलेला असतो. ‘परवां एवढ्याच पावसांत गेलों होतों’ हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा पडतो.

हिमालयांतील हिमस्खलनाच्या अभ्यासकांनीं हीच गोष्ट वेगळ्या रीतीनें सांगितली आहे. विदर्भ आणि बर्फ यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. परंतु २०१७ च्या जानेवारींत काश्मीरमधील गुरेझ येथें बर्फाचे लोट कोसळून जे जवान गाडले गेले, त्यांत विदर्भांतील तरुणहि होते. बर्फाचा उतार केवळ ताज्या हिमवृष्टीनें सुटत नाहीं. हिवाळाभर थरावर थर बसत जातात. त्यांतला एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत राहतो. त्यावर वाऱ्यानें आणलेल्या नव्या बर्फाचें ओझें पडतें. आणि तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर वरचा सारा पापुद्रा एकदम निसटतो. पाहणाऱ्यास मात्र तो उतार क्षणापूर्वीं शुभ्र, शांत आणि निर्धोक दिसलेला असतो. म्हणून तेथील जाणता प्रवासी आकाशाकडे एकदां पाहतो, तर गेल्या आठवड्याच्या हवामानाची चौकशी दहादां करितो. बर्फाखालीं गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला गेला तरच त्याच्या जगण्याची आशा मोठी असते. पुढें ती झपाट्यानें ओसरते. त्यामुळें शोधाचीं साधनें कितीहि सुधारलीं, तरी तेथील पहिला धडा हाच कीं, संशयित उतारावर पाऊलच टाकूं नये.

पुराच्या पुलालाहि हा न्याय लागू पडतो. २२ जुलै २०२३ रोजीं महागांव तालुक्यांतील आनंदनगर तांड्याला पुरानें वेढलें, तेव्हां चाळीसांहून अधिक माणसें अडकून पडलीं. नागपूरहून वायुदलाचीं हेलिकॉप्टरें मागविण्यांत आलीं, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धांवली, आणि लोकांची सुटका झाली. तीं माणसें एका जागीं तग धरून होतीं, म्हणून मदत पोंचण्यास अवधि मिळाला. प्रवाहांत सांपडलेल्या मोटारीला असा अवधि मिळत नाहीं. मदतीचा हिशेब तासांचा असतो, पाण्याचा मिनिटांचा.

आतां गाडी कशी वाहते तें पाहावें. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, जड वस्तु पाण्यांत स्थिर राहते. परंतु मोटार ही आंतून पोकळ पेटी आहे. साधारण चार मीटर लांब व दीड-पावणेदोन मीटर रुंद अशा लहान मोटारीच्या तळाला पाणी लागल्यावर तें जसजसें वर चढतें, तसतसें दर दहा सेंटिमीटरला तिचें सहाशें किलोंहून अधिक वजन पाणी आपल्या अंगावर घेतें. मोटारीचें एकंदर वजन हजार-बाराशें किलो. म्हणजे तळाच्या वर वीस सेंटिमीटर पाणी चढण्यापूर्वींच गाडी तरंगूं लागते. आणि तळ जमिनीपासून वीतभरच उंच असल्यामुळें हें पाणी बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्यालाहि लागलेलें नसतें. बसचा आकार मोठा, म्हणून ती सुरक्षित, हाहि भ्रमच. अकरा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद बसच्या तळाला लागलेलें पाणी दर दहा सेंटिमीटरला तिचें सुमारें पावणेतीन टन वजन हिरावून घेतें. आंत पाणी शिरेपर्यंत हा प्रकार चालतो, आणि गाडी कलंडण्यास तेवढा वेळ पुरेसा होतो.

याला प्रवाहाच्या जोराची जोड मिळते. पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा धक्का चौपट होतो, तिप्पट झाला कीं नऊपट. संथ तळ्यांत कमरेइतक्या पाण्यांत मूलहि उभें राहतें. परंतु वेगानें धांवणारें वीतभर पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलूं शकतें. चाकांवरील भार पाण्यानें हलका झाल्यावर त्यांची रस्त्यावरची पकड जाते, आणि कठडा नसलेल्या पुलावर गाडी कडेकडे घसरूं लागते. त्या वेळीं चालकाच्या हातांतील चक्राचा कांहीं उपयोग राहत नाहीं.

तिसरी गोष्ट अशी कीं, गढूळ पाण्याखालीं पूल आहे किंवा नाहीं, हेंच मुळीं दिसत नाहीं. पुलावरून कोसळणारें पाणी पलीकडच्या बाजूचा भराव खणून काढतें. वर डांबर शाबूत दिसतें आणि खालीं पोकळी पडलेली असते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी पूल पुरांत कोसळला, आणि दोन एस.टी. बसगाड्या व इतर वाहनें अंधारांत सरळ नदींत गेलीं. वर्षानुवर्षें पायाखालीं असलेला पूल आज तेथें नसेल, ही शंका रात्रींच्या पावसांत कोणाला यावी? परंतु ती यावयास हवी, हाच महाडचा धडा आहे.

येथवर पाण्याचा विचार झाला. आतां माणसाच्या मनाचा. इयान मॅकॅमन या अमेरिकन संशोधकानें हिमस्खलनाच्या सातशेंहून अधिक अपघातांचा अभ्यास केला. बर्फाचें रीतसर शिक्षण घेतलेले लोकहि धोक्याच्या ठळक खुणा समोर असतां पुढें कां जातात, हा त्याचा प्रश्न होता. त्याला जीं कारणें आढळलीं, त्यांपैकीं कित्येक उमरखेडच्या वा आर्णीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला जशींच्या तशीं लागू पडतात. पहिलें कारण परिचय: रस्ता रोजचा असला कीं सावधपणा झोंपीं जातो. दुसरें अनुकरण: पुढची गाडी पार झाली, तर आपलीहि होईल असें वाटतें, वास्तविक त्या दोन गाड्यांच्या मध्यें पाणी चार बोटें चढलेलें असूं शकतें. तिसरें, घेतलेला निश्चय न सोडण्याचा हट्ट: आतां चाळीस किलोमीटर आलों, परत कसें फिरावें? चौथें, जाणत्यावरचा भाबडा विश्वास: चालक निष्णात आहे, तो पाहून घेईल. चालक गाडी जाणतो. त्या क्षणीं पाण्याखालीं काय आहे हें त्यालाहि ठाऊक नसतें.

याखेरीज विदर्भांत आणखी एक भूल संभवते. मोठ्या नदीचा महापूर लोकांच्या स्मृतींत राहतो. ३० जुलै १९९१ रोजीं वर्धेच्या पुरानें नागपूर जिल्ह्यांतील मोवाड उद्ध्वस्त केलें आणि दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्या नदीचें भय वडीलधाऱ्यांनीं पुढच्या पिढीस सांगितलें. परंतु नाल्याचें भय कोण सांगतो? ज्याला नांवहि नाहीं, त्याला भ्यावें असें कोणाला वाटत नाहीं.

प्रवाशानें पाळावयाचे नियम यांतून आपोआप निघतात. निघण्यापूर्वीं हवामान खात्याचा इशारा पाहावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवावें, नारिंगी म्हणजे तयारींत राहावें, लाल म्हणजे तांतडीची कृति करावी. सामान्य प्रवाशानें लाल इशाऱ्याचा अर्थ ‘आज जाऊं नये’ असाच घ्यावा. केवळ आपल्या गांवचें आकाश पाहून भागत नाहीं. नाल्याच्या उगमाकडे, दहा-पंधरा किलोमीटरवर, पाऊस झाला असेल तर डोक्यावर ऊन असतांहि पाणी येतें. वरच्या धरणांतून विसर्ग सोडल्याची सूचना आली असेल, तर खालच्या काठच्या रस्त्यांचा नाद सोडावा. ठेंगणे पूल नसलेला मार्ग लांबचा असला तरी तोच धरावा, आणि असा प्रवास शक्यतों दिवसाउजेडीं करावा.

पुलापाशीं आल्यावर पाहावयाच्या खुणा सोप्या आहेत. पाणी एकाएकीं गढूळ झालें, त्यांतून काटक्या, पालापाचोळा, ओंडके वाहूं लागले, वरच्या अंगाला घरघर ऐकूं आली, तर लोंढा येत आहे असें समजावें व काठापासून दूर उंचावर जावें. पुलाच्या पृष्ठावरून पाणी वाहत असेल, तर तें किती आहे याचा अंदाज करीत बसूं नये. काठी घालून खोली मोजणें, कोणाला पुढें पायीं पाठविणें, मोठ्या मालमोटारीच्या मागोमाग जाणें, हे सारे उपाय पाण्यांत शिरण्याचे आहेत, वांचण्याचे नव्हेत. गाडी मागें घ्यावी, उंचवट्यावर उभी करावी आणि थांबावें. येथें निसर्गानें प्रवाशाची थोडी सोयहि केलेली आहे. लहान पाणलोटाचा नाला जसा झपाट्यानें चढतो, तसाच पाऊस थांबल्यावर झपाट्यानें उतरतो. पुष्कळदां दोन-चार तासांत पूल उघडा पडतो. मात्र नाला मोठ्या नदीला मिळतो त्या मुखाजवळ नदीच्या पुराचा फुगवटा असेल, तर पाणी संथ दिसूनहि दिवसदिवस हटत नाहीं. तेथें मार्गच बदलावा. पाणी उतरल्यावरहि भराव खचलेला नाहीं, हें पायीं पाहिल्यावांचून गाडी घालूं नये.

एवढें करूनहि कोणी सांपडलाच, तर पहिलीं कांहीं मिनिटें मोलाचीं असतात. बाहेरच्या पाण्याच्या दाबानें दार उघडत नाहीं, म्हणून दाराशीं झगडूं नये. पट्टा सोडावा, खिडकीची काच त्वरित खालीं करावी, ती उतरत नसेल तर बाजूची कांच फोडावी, कारण समोरची कांच सहसा फुटून मोकळी होत नाहीं. प्रथम मुलांना बाहेर काढावें आणि गाडीच्या टपावर चढावें. प्रवाहांत पडलेल्यानें उभें राहण्याचा यत्न करूं नये, पाय दगडांत अडकतो. उताणें होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून, तिरकें तिरकें काठाकडे सरकावें. काठावरच्यांनीं उडी घेऊं नये. दोर टाकावा, रिकामा बंद डबा दोराला बांधून फेंकावा, आणि ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लावावा. बुडणाऱ्याला वांचवावयास गेलेला दुसरा बुडतो, ही करुण गोष्ट दर पावसाळ्यांत कोठें ना कोठें घडते.

शेवटीं एक गोष्ट, जी रस्त्यावर नसून घरांत घडते. पोळ्याला, गौरी-गणपतीला शहरांतली मंडळी गांवाकडे निघतात. घरीं पानें वाढावयाचीं असतात, म्हातारीं माणसें ओटीवर वाट पाहत असतात. दूरध्वनीवरून विचारणा होते, ‘कोठवर आलांत? किती वेळ?’ त्या प्रश्नांत केवळ माया असते. परंतु पुलासमोर उभ्या असलेल्या मुलाच्या कानांत तिची घाई होते. चालकाच्या मागें बसलेला प्रवासी जेव्हां घड्याळ पाहतो, कचेरींतला वरिष्ठ जेव्हां उशिराचा जाब विचारतो, तेव्हांहि तेंच होतें. पाण्यांत गाडी घालणारा एकटा असतो. त्याला पाठीमागून ढकलणारे हात पुष्कळ असतात, आणि ते सारे आपल्याच माणसांचे असतात.

म्हणून ज्या घरांतून पावसाळ्यांत कोणी प्रवासाला निघणार असेल, त्या घरच्या वडिलांनीं निघतांनाच त्याला स्पष्ट सांगून ठेवावें कीं, पुलावरून पाणी असेल तर अलीकडच्या गांवीं थांब. रात्र तेथें गेली तरी चालेल, सण उद्यां करूं. हें वाक्य आगाऊ ऐकलेलें असलें, म्हणजे पुलापाशीं माघार घेणाऱ्यास लाज वाटत नाहीं. अलीकडच्या गांवीं देवळाची ओसरी मिळते, शाळेची खोली मिळते, कोणाच्या तरी घरीं चहाचा पेला मिळतो. आणि सकाळीं बहुधा तोच नाला पुन्हां घोटाभर पाणी घेऊन पुलाखालून वाहत असतो.